गारव्याचा मापक

खुंटीवरचा कोट खाली पडला आणि खिशातला किरणमापक घरंगळत तिच्या बुटाशी येऊन थांबला. तिनं उचलून उलटा केला. मागे धाकट्या भावाचा क्रमांक होता. भाऊ तर बोगद्यात होता.

आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर मापक लावून द्यायचा, बाहेर आल्यावर आकडा बघायचा, हीच तिची दारावरची नोकरी. अंगावर किती किरणं घेतली ते मापक सांगतो. वर्षाचा वाटा संपला की त्या माणसाला बोगदा बंद. भावाचा आकडा यंदा सगळ्यांत कमी यायचा. यंत्र थंड ठेवणं त्याचं काम, म्हणून सगळे त्याला गारवा म्हणत. ‘‘गारव्याला किरणंही घाबरतात,’’ अशी तिनंच चारचौघांत चेष्टा केली होती.

तो आकडा इतका कमी का यायचा, ते आता तिला कळलं.

बोगद्यातल्या नळीतून कणांचा झोत गरगर फिरतो. तो जिथून बाहेर काढतात, तिथे तांब्याची पातळ पट्टी बसवलेली आहे. वाट चुकलेले कण तिच्यावर आपटतात आणि ती तापते. यंत्र बंद केल्यावरही ती किरणं फेकतच राहते. यंदा झोत वाढवला, तेव्हापासून पट्टी गार ठेवणाऱ्या पाण्याचे सांधे सारखे गळत होते. दर वेळी गारवा आत जाई.

तिनं आतला फोन लावला.

‘‘बाहेर ये.’’

‘‘आलोच गं ताई. सांधा हटून बसलाय नुसता. अगदी तुझ्यासारखा.’’

‘‘आत्ता ये म्हणतेय.’’

‘‘अगं, पट्टी अजून चटका देतेय. अर्धवट सोडून कसा येऊ?’’

‘‘तुझा मापक माझ्या हातात आहे.’’

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पुन्हा सांध्यावर पाना घासल्याचा. ती ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली.

तिनं बोगद्याच्या साहेबांना बोलावून दारावर उभं केलं, काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं आणि स्वतःचा मापक लावून आत शिरली. सुरुवातीला तो अधूनमधून टिकटिकत होता. वळणावर आवाज भराभर यायला लागला. पुढे मधली उसंतच संपली. एकच लांब किंकाळी. मागे फिरावं असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

गारवा पट्टीवर वाकला होता, गाल जवळजवळ तांब्याला टेकलेला. फोनचा रिसीव्हर बाजूला लोंबकळत होता. इतके महिने तो इथे असाच वाकून काम करत आला होता, पण हा आवाज त्यानं इथे कधी ऐकलाच नव्हता. त्यानं तिच्या छातीकडे पाहिलं, मग स्वतःच्या. पाना सोडून तो निमूट तिच्यामागे निघाला.

‘‘किती वेळा?’’ आवाज विरळ झाल्यावर तिनं विचारलं.

‘‘मोजायचं नव्हतं, म्हणूनच तर काढून ठेवायचो.’’

‘‘कशासाठी पण?’’

‘‘वाटा संपला असता. मग तुम्ही मला पंपघरात बसवलं असतं, फडकं मारत. हा सांधा दुसऱ्या कुणाला जमत नाही, ताई.’’

‘‘तुलाही आज जमला नाही.’’

यावर तो हसला नाही.

साहेब ओरडले नाहीत, त्यामुळे ती जास्तच घाबरली. त्यांनी फक्त गाडी मागवून दोघांना दवाखान्यात पाठवलं. नर्सनं रक्त घेतलं. डॉक्टरांनी गारव्याचे हात उलटसुलट करून पाहिले, बोटांपाशी थोडे थांबले आणि म्हणाले, ‘‘रिपोर्ट येऊ दे, मग बोलू.’’ आता बोगदा नाही, हे मात्र त्यांनी तिथेच सांगितलं.

गारव्याला घरी सोडताना तिनं ड्रायव्हरला मुद्दाम लांबचा रस्ता घ्यायला लावला. बहिणीला कोपरखळ्या मारल्याशिवाय न राहणारा माणूस खिडकीबाहेर बघत बसला होता. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यानं विचारलं,

‘‘पोरीला उचललं तर चालेल ना?’’

‘‘वेड्या, काही होत नाही त्यानं. लागण आहे का ती? खुशाल उचल.’’

‘‘नक्की?’’

‘‘नक्की. माझं कामच आहे ना ते.’’

त्यानं मान डोलावली. गाडी थांबली तशी पोर दारातून धावत आली आणि ‘बाबा, वर’ म्हणत दोन्ही हात उंच करून त्याच्यासमोर उभी राहिली. तो तिच्यापुढे उकिडवा बसला, शाळेत काय झालं ते विचारू लागला. ती सांगत होती. त्याचे दोन्ही हात पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट धरलेले.