हात वर केलेला बाहुला

पैज लागली ती एका ओरखड्यावरून. ओरखडा दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या गाडीला होता. तो कोणी पाडला ते कोणालाच माहीत नव्हतं, आणि शनिवारी संध्याकाळी निम्मी बिल्डिंग पार्किंगमध्ये उभी राहून त्याच्याकडे टक लावून बघत होती, जणू बघून बघून तो बुजणार होता.

मास्टरने निकाल देऊन टाकला. मास्टर म्हणजे पहिल्या मजल्यावरचा टेलर. शाळेचे युनिफॉर्म शिवायचा आणि उरलेल्या वेळात लोकांच्या खोड्या काढायचा. लिफ्टमध्ये ‘आज लिफ्ट फक्त खाली जाईल’ अशी पाटी लावणारा तोच. तर मास्टरचं म्हणणं, ही करामत गाडी रिव्हर्समध्ये लावणाऱ्यांची. दमून आलेल्या माणसाने सरळ नाक खुपसावं, कुलूप लावावं, घरी जावं. हे मागे-पुढे, मागे-पुढे करत शेपटीकडून आत शिरणं म्हणजे नुसता भाव खाणं.

यावर दादा बोलले. दादा तिसऱ्या मजल्यावरचे, तेहतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेले. कमी बोलायचे, म्हणून बोलले की लोक ऐकायचे.

“रिव्हर्समध्ये लावताना जागा रिकामी आहे हे तू आत्ताच पाहिलेलं असतं, मास्टर. पण सकाळी मागे घेत निघताना मागे काय येऊन उभं राहिलंय, ते कोणी पाहिलंय?”

“काय उभं राहणार, भूत?” मास्टर म्हणाला. लोक खो खो हसले, आणि हसण्याच्या भरात पैज लागली.

महिनाभर दोघांनी आपापल्या पद्धतीने गाडी लावायची. ज्याची गाडी आधी कशालाही लागेल तो हरला. दादा हरले तर त्यांनी तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना उलटा चढायचा. मास्टर हरला तर त्याने शाळेचा युनिफॉर्म स्वतःच्या मापाने शिवायचा, हाफ पँट, लाल टोपी, सगळं. आणि रविवारी सकाळी तो घालून, शिट्टी वाजवत, बिल्डिंगमधली एकूण एक गाडी रिव्हर्समध्ये लावून द्यायची. साक्षीला नर्सबाई.

आता महिनाभर थांबेल तर तो मास्टर कसला. बुधवारी दुकानात त्याची नजर शोकेसमधल्या बाहुल्यावर गेली. सहा-सात वर्षांच्या पोराएवढा, प्लास्टिकचा, निळा शर्ट, लाल टोपी, आणि वर्गात उत्तर येत असल्यासारखा उजवा हात वर. बारा वर्षं तो हात वरच होता. मास्टरने त्याला काखेत मारलं आणि संध्याकाळी पावणेसहाला दादांच्या जागेत भिंतीलगत नेऊन उभा केला. दादा सहाला येणार, मागे घेणार, बाहुल्याला टेकणार, खेळ खल्लास. स्वतः खांबामागे लपला.

दादा आले. आपल्या जागेसमोरून सावकाश पुढे गेले, कारण रिव्हर्समध्ये लावायची तर आधी जागा ओलांडून पुढे जावं लागतं, आणि ओलांडताना ती अख्खी नजरेखालून जाते. एवढी साधी गोष्ट मास्टरच्या डोक्यात आली नव्हती. दादांनी गाडी थांबवली, उतरले, बाहुल्याला कमरेत धरून मागच्या सीटवर बसवला, गाडी लावली, आणि त्याला कडेवर घेऊन वर निघून गेले. इकडेतिकडे पाहिलंसुद्धा नाही.

चिडले असते तर बरं झालं असतं. गुरुवारी जिन्यात भेटले तेव्हा फक्त “काय मास्टर, बरं आहे ना?” एवढंच म्हणाले, आणि उतरून गेले. आयुष्यभर खोड्या काढलेल्या माणसाला एक पक्कं ठाऊक असतं, उलटून येणार. फक्त कधी आणि कुठून तेवढं कळत नाही. तो बाथरूमचं दार पायाने ढकलून उघडायला लागला. दुकानाचं शटर वर करताना आधी वाकून आत बघायला लागला. कपाटातला बायकोचा कोट अंगावर पडला तर किंचाळला.

“अहो, प्लास्टिकचं पोर ते,” बायको म्हणाली. “चावणार आहे का?”

शुक्रवारी सकाळी उशीर झाला. शाळेत आठच्या आत वीस युनिफॉर्म पोचवायचे होते. मास्टरने गठ्ठा बाजूच्या सीटवर टाकला. गाडी नेहमीसारखी भिंतीला नाक लावून उभी. घाईघाईत तो आत बसला, चावी फिरवली, रिव्हर्स टाकला आणि आरशात पाहिलं.

मागच्या काचेत लाल टोपी. खाली निळे खांदे. उजवा हात वर.

दोन दिवसांत पहिल्यांदा मास्टरला हुश्श झालं. अच्छा, म्हणजे हा डाव होता तर. मास्टर बघणार नाही, बाहुल्याला धडकेल, आणि दादा जिन्यातून टाळ्या वाजवत येतील. उतरून बाहुला बाजूला ठेवावा असं त्याच्या मनात आलंही. पण त्यात मजा काय? त्यापेक्षा हळूच रेटून पाडू, उचलून डिकीत टाकू, आणि शीळ घालत निघून जाऊ. दादा बसतील दिवसभर डोकं खाजवत. आणि आपल्याच बाहुल्याला आपणच पाडलं, त्यात कसली हार?

त्याने ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी मागे सरकायला लागली. आरशात टोपी मोठी होत आली. मास्टर तिच्याकडे बघून चांगला दात काढून हसला.

आणि वरचा हात खाली आला.

ब्रेकवर पाय कधी गेला ते त्याला कळलं नाही. गाडी आचका देऊन बंद पडली. आरशात आता टोपी नव्हती. काहीच नव्हतं, मागे पलीकडची भिंत आणि पाण्याचा पाइप.

काही लागल्याचं जाणवलं का? त्याने आठवून पाहिलं आणि त्याला आठवेना. एक सेकंदापूर्वीची गोष्ट, पण अंग सुन्न झालेलं, काही सांगतच नव्हतं. त्याने कान दिले. रडणं नाही, ओरडणं नाही. ती शांतताच सगळ्यात वाईट होती. दार उघडायला हात लागेना, बोटं नुसती हँडलवरून घसरत होती. कसंबसं उघडलं. गाडीला धरून धरून तो मागे निघाला. चार पावलांची गाडी, संपता संपेना. शेवटच्या पावलाला त्याने डोळे मिटून घेतले, आणि मग उघडले, कारण उघडावेच लागणार होते.

मागे दादांची नात बसली होती. सात वर्षांची. पहिल्यांदा माप घेतलं तेव्हा एवढीशी होती की मास्टरने तिचं नाव ‘बटण’ ठेवलं होतं. जमिनीवर बसून उजवा दंड चोळत होती. तिचा गुडघा आणि गाडीचा बंपर यांच्यामध्ये नऊ इंच. मास्टरच्या डोळ्याला टेप लागत नसे.

“मी बाहुला झाले होते,” ती म्हणाली. “तो आमच्याकडे असतो आता. तुम्ही ओळखलंच नाही, आरशात हसलात नुसते. पण काका, माझा हात दुखला म्हणून खाली घेतला आणि बसले. मी हरले ना?”

मास्टर तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिच्या शर्टाची कॉलर त्याच्या समोर होती, त्याने स्वतः टाचलेली. हात दुखला नसता तर, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आणखी थोडा वेळ दुखला नसता तर.

जिन्यावरून दादा उतरले. गुडघ्यांमुळे एकेक पायरी, हातात नातीची पाण्याची बाटली. अर्धवट बाहेर आलेली गाडी आणि खाली बसलेला मास्टर बघून त्यांनी विचारलं, बंद पडली का रे?

“हो,” मास्टर म्हणाला.

तेवढ्यात शाळेच्या व्हॅनने हॉर्न दिला आणि बटण पळाली.

गठ्ठा डोक्यावर घेऊन मास्टर शाळेत चालत गेला. मग दुकानात मशीनवर बसला, आणि पायडलवर पाय ठेवला की पाय कापायला लागला. पाय दाबला की काहीतरी सरकतं, पुढे किंवा मागे, एवढंच त्या पायाला कळत होतं. दोन बाह्या उलट्या लावल्या. दर थोड्या वेळाने आरशात टोपी मोठी होत यायची, आणि त्या आरशात त्याला स्वतःचे दात दिसायचे. कोणी पाहिलं नव्हतं. पोरीला तर खेळच वाटला होता. पैजेचं म्हणाल तर गाडी कशालाही लागलेली नव्हती. तोंड बंद ठेवलं तर विषय संपला, हे त्याने दिवसभर स्वतःला सांगितलं. आणि उद्या सकाळी पुन्हा रिव्हर्स टाकायचा, या विचाराने प्रत्येक वेळी त्याच्या हाताला घाम फुटला.

संध्याकाळी तो तिसऱ्या मजल्यावर गेला. बाहुला कोपऱ्यात उभा होता, बटणचा मफलर गुंडाळून, हात वर करून. मास्टरने त्याच्याकडे पाठ केली आणि दादांना सगळं सांगितलं. उशीर, आरसा, टोपी, नऊ इंच. हसण्याचंही सांगितलं.

दादा ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी आत असलेल्या नातीला हाक मारली, ती आली तशी जवळ घेतली, आणि बराच वेळ तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून बसले. तिने विचारलं, आजोबा, काय झालं?

“बाहुला हिला खेळायला मीच दिला,” शेवटी ते म्हणाले. मग, “गाडी लागली का तिला?”

“नाही.”

“मग पैजेत तू हरलेला नाहीस.”

“दादा, मी बघितलं होतं,” मास्टर म्हणाला. “बघून गाडी मागे घेतली. हरलो मी.”

दादांनी मान डोलावली. उठून खण उघडला आणि डेपोतली जुनी शिट्टी त्याच्या हातात ठेवली.

रविवारी सकाळी दहाला मास्टर पार्किंगमध्ये उतरला. निळा शर्ट, लाल टोपी, हाफ पँट, खाली केसाळ पाय. बिल्डिंगने बाल्कन्या भरल्या होत्या. कोणी वरून विचारलं, गृहपाठ केलास का रे? हशा झाला. मास्टरने तो संपू दिला आणि मग शुक्रवारची गोष्ट सांगितली. सरळ, काही न गाळता. एका बाईने आपल्या मुलाला कठड्यापासून मागे ओढलं, कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

पहिली गाडी नर्सबाईंची. मास्टर आधी रिकाम्या जागेत गेला. भिंतीपर्यंत चालला. वाकून दोन्ही बाजूंच्या गाड्यांखाली पाहिलं, खांबामागे पाहिलं, पुन्हा एकदा गाड्यांखाली पाहिलं. बटण दादांचं बोट धरून जिन्यात उभी होती. ती तिथे आहे ना, हे तीनदा पाहिलं. मग कडेला, आरशात दिसेल असा उभा राहिला, शिट्टी तोंडात धरली आणि उजवा हात वर केला.

नर्सबाई इंच इंच मागे येत होत्या. हात दुखायला लागला. गाडी थांबून इंजिन बंद होईपर्यंत मास्टरने तो खाली घेतला नाही.