गुदगुल्याताई

दवाखान्यात तिला सगळे गुदगुल्याताई म्हणत. फ्लूच्या तपासणीसाठी नाकात काडी घातली तरी पोरं हसत बाहेर यायची, त्यावरून पडलेलं नाव. तिला ते आवडायचं.

त्या सकाळी तापाने फणफणलेली पाच वर्षांची चिमुरडी आली. घरी वीस दिवसांचा भाऊ, म्हणून ताप दिसताच आईने तिला मावशीकडे ठेवलं होतं.

"फ्लू नसेल तर आत्ताच घरी नेते," आई म्हणाली. "बाळाला बघायचंय म्हणून हिने मावशीचं घर डोक्यावर घेतलंय."

काडी आत गेली, फिरली, बाहेर आली. चिमुरडी खुदकन हसली. पंधरा मिनिटांनी पट्टीवर एकच रेघ होती: फ्लू नाही. मायलेकी निघाल्या.

निकाल वहीत लिहिताना ताईची नजर वर सरकली. हिच्याआधी आठवडाभरात सकाळी तिने तपासलेली बावीस मुलं, फ्लू दोघांना. संध्याकाळच्या पाळीतल्या सहकाऱ्याकडे एकोणीस, फ्लू दहा जणांना. त्याच्याकडून पोरं रडत बाहेर पडत, म्हणून तो राक्षसकाका. फ्लू काही घड्याळ बघून येत नाही. आणि पट्टीला रेघ उमटवता येते. काडी किती आत गेली होती, ते पट्टीला कळत नाही.

चिमुरडीला शिंक आली नव्हती. डोळ्यांत पाणीही नव्हतं.

ताई धावत फाटकापाशी गेली. "वहिनी, थांबा. परत करू. माझी काडी वरच्यावर राहिली."

"अहो, मघाशी तर नाही म्हणालात!"

"मघाशी चुकले."

या वेळी काडी पुरती आत गेली. चिमुरडी किंचाळली, शिंकली, ताईच्या मनगटाला कडकडून चावली. "खोटारडी! ह्या गुदगुल्या नाहीत!"

दहाव्या मिनिटालाच दुसरी रेघ उमटली. आईने एकदा पट्टीकडे पाहिलं आणि मावशीला फोन लावला. चिमुरडीने जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

ताईने वही डॉक्टरांपुढे ठेवली. "यातली वीस मुलं परत बोलवायची आहेत."

"वीस? लोक वेड्यात काढतील आपल्याला."

"काढू देत. कुणाच्या घरी कोण आहे, ते आपण विचारलंय का?"

डॉक्टरांनी फोन तिच्याकडे सरकवला. पहिल्याच घरी फोन एका पोराने उचलला, आवाज ओळखला आणि आत ओरडला, "आई, गुदगुल्याताई!"

"आईला दे बाळा," ती म्हणाली.