साठचा काटा

आमचे भाऊजी जेवताना बोटं चाटायचे आणि त्याच बोटानं जीपच्या मीटरची काच पुसायचे. मला दोन्हींची किळस यायची. घरात बाकी कुणाला यायची नाही, कारण भाऊजी म्हणजे जावई, आणि जावयाची बोटं आमच्याकडे स्वच्छच असतात.

माझ्या मोठ्या बहिणीचे, लीलाचे, हे नवरे. नाव गुलाब. जवाहरनगरकडे मजूर पुरवायची ठेकेदारी करायचे. अठ्ठ्याहत्तर साली त्यांनी लिलावातून एक जुनी जीप घेतली, तिची मोठी चाकं विकून टाकली आणि कुठल्याशा मोटारीची लहान, चकचकीत चाकं बसवली. जीप बिचारी गुडघे टेकल्यासारखी दिसायची. भाऊजी मात्र आसगावला आले की आमच्या अंगणात उभे राहून गर्जायचे, "पहिले पन्नासच्या वर जाता जात नोती. आता पाहा, साठ! चाकं बदलली तं गाडीच बदलली."

लोक माना डोलवायचे. सगळ्यात जोरात माझे बाबा.

त्याच वर्षी मला भंडाऱ्याहून नर्सिंगच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. सकाळी दहा वाजता. बाबांनी आधीच बजावलं होतं, "एकडाव जाऊन पाय. झालं तं झालं. नाई तं उन्हाळ्यात लगन." म्हणजे माझं सगळं त्या एका सकाळवर होतं. मी पहाटेच्या एसटीनं जाणार होते. पण आदल्या दिवशी भाऊजी टपकले.

"एसटीनं काहून? घरची गाडी असताना? पंचावन किलोमीटर तं हाय. साठनं नेतो, तासाभरात भंडारा. नवाले निंगू."

"भाऊजी, मी एसटीनंच जाईन," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जावयाच्या ताटात माती टाकली. "जवाईबापू म्हनून रायले ना? गप बस, वच्छले."

सकाळी आंघोळ करून मी ओसरीवर बसले. एसटीचा हॉर्न गावाबाहेरून ऐकू आला आणि विरून गेला. भाऊजी भजी खात होते. मायनं दुसरा घाणा काढला, तोही खाल्ला, मग आरामात ढेकर दिला. नऊच्या ठोक्याला जीप हलली, तेवढं खरं. बाबा पुढे बसले, मी मागे.

रस्ता मोकळा होता. भाऊजींनी काटा साठवर नेला आणि तिथंच धरून ठेवला. खोटं कशाला बोलू, त्यांनी कुठं चहा घेतला नाही की पानासाठी थांबले नाहीत. काटा साठवर आणि बाबांची मान त्या काट्यावर. पण बाहेरची झाडं मला वेगळंच सांगत होती. वाटेतलं अड्याळ यायला हवं तेव्हा आलं नाही. पुढचं पहेला गाव तर येता येईना.

"भाऊजी, उशीर होऊन रायला."

"काटा पाय ना, काटा! साठ हाय."

आम्ही पोहोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. दारावरच्या शिपायानं सांगितलं, तुमचं नाव दोनदा पुकारलं. मी आत जाऊन हात जोडले. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "दहा मिनिटंसुद्धा वेळेवर येता येत नाही, तर पेशंटकडे कशी येशील?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जीपमध्ये बसून दात कोरत होतं.

परतताना मी रडले नाही. डोकं तापलं होतं, आणि तापलेल्या डोक्यातच ते लखकन कळलं. लहान पोराला बापाबरोबर चालायचं तर जास्त पावलं टाकावी लागतात. चाकाचंही तेच. लहान चाक जास्त फिरतं, आणि मीटरला बिचाऱ्याला फेऱ्याच कळतात, रस्ता कळत नाही. तो जुन्या मोठ्या चाकाच्या हिशेबानं साठ सांगतो. गाडी पळते पन्नासनं.

मी हे सगळं बोलून दाखवलं. भाऊजी हसले. "नर्स नाई झाली तं मेकॅनिक होऊन रायली!"

"बाबा," मी म्हटलं, "तुमच्या हातावर घड्याळ हाय. साठ म्हनजे मिनिटाले एक किलोमीटर. ह्या दगडापासून त्या दगडापोत पाहा."

बाबांनी पाहिलं. हे मी कबूल करते, त्यांनी नीट पाहिलं. काटा साठवर होता. किलोमीटरचा दगड गेला. मिनिट संपलं, आणि पुढच्या दगडाचा पत्ता नाही. तो आला तेव्हा बाबांच्या कपाळावर आठी होती. त्यांनी पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मी त्यांच्या मानेकडे पाहत होते. आता वळतील, आता काहीतरी म्हणतील.

बाबांनी घड्याळ कानाला लावलं, हलवलं, मनगटावरून काढलं आणि खिशात टाकलं.

"घड्याळच जोरानं पळून रायलं," ते म्हणाले. "दाखवा लागंल कोनाले."

भाऊजींनी अंगठ्याला थुंकी लावून मीटरची काच पुसली. "होते कधी कधी, मामाजी."

आजवर मला भाऊजींची किळस यायची, ती खरं तर काहीच नव्हती. समोरच्या सीटवर बसलेला माझा बाप, ज्यानं तीनदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याची मला त्या दिवशी शिसारी आली. त्याच्या तेल लावलेल्या मानेची, डोलणाऱ्या डोक्याची. बापाची शिसारी यावी याचीही आली, पण ती थांबेना.

पवनीजवळ बाबा खाकरले आणि अगदी हळू, अजिजीनं म्हणाले, "जवाईबापू, आता वच्छलेसाटी तुमीच एखांदा पोरगा पाहा जी. तुमची पारख चांगली हाय."

"हाय ना एक नजरेत," भाऊजी म्हणाले. "लय साजरा हाय. त्याच्यापाशीबी जीप हाय."

बाबांनी मान डोलवली.