एमझारला दिलेले पास

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी आमचं सगळं समत्रेदिया गाव आपापल्या मेलेल्यांकडे जेवायला जातं. आम्ही एमझारच्या थडग्याकडे जातो. माझा नवरा नुगझार गावच्या फुटबॉल संघात मिडफिल्डर होता, एमझार पुढे खेळायचा. पास नुगझारनं द्यायचे, टाळ्या एमझारनं घ्यायच्या. एकोणतीस वर्षांपूर्वी एमझार सामन्यातच कोसळला आणि गेला. तेव्हापासून आमच्या घरात आम्ही तिघं राहतो. जेवता जेवता नवरा मध्येच खुर्ची सरकवतो, कुणाला तरी वाट दिल्यासारखी.

त्या सामन्याच्या मध्यंतरात एमझार नुगझारला म्हणाला होता, "छाती आवळतेय. कोचला सांगू नकोस." यानं नाही सांगितलं. हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं. एमझारच्या आईला, त्सिआलामावशीला, कळलंच नव्हतं.

मावशी थडग्यावर मंजिष्ठेनं रंगवलेली लाल अंडी मांडते, मातीत वाइन ओतते, पोराबद्दल दोन शब्द बोलते आणि कुणाचं तरी नाव घेऊन म्हणते, "अलावेर्दी." ज्याचं नाव घेतलं, त्यानं तिचं बोलणं पुढे न्यायचं. नाही म्हणायची सोय नाही. नुगझार दरवर्षी एका वाक्यात ते दुसऱ्याकडे ढकलायचा. पण सोबत येणाऱ्या जुन्या खेळाडूंपैकी गोलकीपर दोन वर्षांपूर्वी वारला, बाकीचे पोटासाठी पोलंडला गेले. यंदा मावशी, नुगझार आणि मी, तिघंच.

"अलावेर्दी नुगझारला."

"अलावेर्दी माझ्या बायकोला."

"मी कधी खेळले होते?" मी म्हटलं. "तूच बोल."

तो बोलला. मध्यंतराचं सगळं, खाली बघत.

मावशीनं घरंगळलेलं एक अंडं सरळ केलं. मग म्हणाली, "त्यानंतर बॉल दिलास त्याला?"

"दिला."

"किती वेळा?"

"सहा."

मला वाटलं, आता पेला याच्या तोंडावर येतो. पण ती थडग्याच्या कठड्याला टेकली, दुखरे पाय पसरले.

"एकेक सांग."

अंडी बाजूला सारून तो दगडावर बोटानं रेघा ओढू लागला. तिसऱ्या पासला मावशीनं विचारलं, "गोल?"

"खांबाला लागला."

"वाकडाच मारायचा मेला," ती म्हणाली आणि खुदकन हसली. पाचव्यानंतर नुगझार थांबला.

"सहावा?"

"लांब दिला, मावशी. त्याला पळावं लागेल इतका."

"का रे?"

"सवयीनं."

मावशीनं एमझारसाठी भरून ठेवलेला पेला उचलून त्याच्या हातात दिला.

"पी. आणि पुढच्या वर्षी पुन्हा सांगायचे. सहाच्या सहा."