दिसेनासं होणं हेच माझं काम

ओळखलंत का मला? नाही ना! ओळखणार तरी कसं? पाण्यात दिसेनासं होणं हेच माझं काम. मी एक तबकडी.

माझा जन्म तेलाच्या पिंपाच्या झाकणातून झाला. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी ते वेल्डरकडून गोल कापून घेतलं. बाईंचे धाकटे भाऊ घरं रंगवायची कामं घेतात. त्यांना सगळी गल्ली भाऊच म्हणते. त्यांनी माझे चार भाग पाडले, दोन पांढरे, दोन काळे. मधल्या भोकातून दोरी ओवली, खाली वजन बांधलं आणि मी तळ्यात उतरले.

काम तसं सोपं. बाई नावेतून मला हळूहळू खाली सोडायच्या आणि टक लावून बघायच्या. मी खोलवर दिसले तर पाणी निर्मळ, लगेच नाहीशी झाले तर गढूळ. पहिल्या दिवशी मी बुडताक्षणीच गायब! बाईंचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

पण गंमत बघा. त्याच गढूळपणाच्या जोरावर एका संस्थेने तळ्यासाठी निधी दिला आणि बाईंच्या आनंदाला घर अपुरं पडलं. तळ्यात येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी एका बाजूला लव्हाळ्यांची बेटं लागली. घाण तिथेच अडू लागली. एका पाणकोंबडीने त्यात घरटंही केलं. मी थोडी खोलवर दिसू लागले. आता तरी बाई खूश होतील म्हटलं, तर त्या धास्तावल्या.

"पाणी सुधारलं म्हणून मदत बंद केली तर?" त्या भाऊंना म्हणाल्या. "नाल्याची दुसरी बाजू अजून मोकळीच आहे. तिथलं काम झालं नाही तर पहिल्याच पुरात सगळी बेटं उखडून जातील."

"आणि सुधारलं नाही असं दिसलं तर?"

"तर म्हणतील, आमचे पैसे पाण्यात गेले."

माझं डोकंच चालेना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी दिसायचं तरी किती?

संस्थेचे साहेब पाहणीला येणार होते. त्या सकाळी भाऊंनी मला खुंटीवरून काढलं. माझा रंग शेवाळाने पार मळला होता. "पाहुण्यांपुढे ही अशी कळकट जाणार? आपली काही अब्रू आहे की नाही!" असं म्हणत त्यांनी मला झटपट वाळणारा चकचकीत रंग दिला. मी नवरीसारखी मिरवत नावेत बसले. साहेबांना नाल्याची मोकळी बाजू दाखवण्यात बाई गुंतल्या होत्या, म्हणून दोरी भाऊंच्या हातात होती.

मी खाली गेले, आणखी खाली गेले. पण नवा पांढरा रंग लपतो कुठे? साहेब वाकून बघतच राहिले.

"वा! तळं तर ठणठणीत झालंय. आता ज्यांचं पाणी खरंच वाईट आहे, त्यांना आधी द्यायला हवं."

बाईंनी दचकून मला वर ओढलं. "भाऊ, हिला रंगवलंस तू?"

"दोन हात दिलेत, ताई," भाऊ म्हणाले. बिचारे अजून शाबासकीची वाट बघत होते.

नव्या रंगामुळे मी जास्त खोल दिसले, हे बाईंनी परोपरीने समजावलं. साहेब हसले. "लोक बिघडलेलं सुधारलं म्हणून सांगतात, बाई. तुमचं उलटंच!" निधी दुसऱ्या तळ्याला गेला. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढी छान दिसले होते आणि त्याच दिवशी बाई रडल्या.

भाऊ बरेच दिवस बहिणीसमोर आले नाहीत. मग एकदा रंगाचे रिकामे डबे घेऊन आले. ते घट्ट बंद करून त्यांनी तराफा बांधला, त्यावर लव्हाळी लावली आणि तो नाल्याच्या मोकळ्या बाजूला सोडला. तो वाहून जाऊ नये म्हणून कडेला दगडांसोबत मलाही खाली बांधलं. माझी गाठ मात्र बाईंनी स्वतः आवळली.

आता मी इथेच असते. लव्हाळ्यांची मुळं माझ्यापर्यंत पोचली आहेत. पांढऱ्या रंगावर पुन्हा शेवाळ धरलंय, त्यात मासोळ्या तोंड खुपसतात. पूर येऊन गेला, बेटं टिकली.

परवा बाईंची नाव वर थांबली. त्या वाकल्या आणि ओरडल्याच, "अरे भाऊ, दिसतेय! मळलेली आहे, तरी दिसतेय!"

भाऊंनी वल्हं थांबवलं. "ताई, हळू बोल गं. पुढच्या वर्षी अर्ज करायचाय. साहेबांच्या कानावर गेलं तर?"

बाईंनी पटकन तोंडावर हात ठेवला आणि हाताआडून हसत राहिल्या.

शहाण्या माणसांनो, आता तुम्हीच सांगा, मी दिसू की लपू?