टायटॅनियमचा चौथा ठोकळा

टायटॅनियमचे चार ठोकळे आले होते. त्यांतले तीन भंगारात गेले आणि तिन्ही वेळा चौकशीत कारण एकच निघाले: मशीन चालवणारी बाई. कारखान्यात तिला सगळे वहिनीच म्हणत. सुधारणा अधिकारी तिचा धाकटा दीर होता आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडून तो शब्द निसटला होता. आता चौथा ठोकळा बिघडला की हे काम दुसऱ्या कारखान्याला आणि वहिनी पॅकिंगमध्ये, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. अकरा वर्षांपूर्वी ती तिथूनच मशीनवर आली होती. परत तिथे जायची तिची तयारी नव्हती.

हा धातू मोठा खाष्ट. कापताना तापतो, पण ती उष्णता स्वतःकडे ठेवत नाही, सगळी कटरच्या धारेवर ढकलतो. म्हणून कटर हळू फिरवायचा, कूलंटचा, म्हणजे थंडावा देणाऱ्या द्रवाचा, झोत नेमका धारेवर धरायचा आणि मुख्य म्हणजे कटर पुढे सरकत ठेवायचा. तो जागच्या जागी घासत राहिला की तिथला पृष्ठभाग असा कडक होतो की पुढच्या फेरीत धारेचा टवका उडतो.

वहिनीला हे कुणी शिकवले नव्हते. तिने तिन्ही ठोकळे भंगारातून काढून आणले, त्यांवरून बोट फिरवले आणि तिन्हींवर तिला एकेक चकचकीत पट्टा सापडला. तिन्ही पट्टे सुधारणा समितीच्या भेटींच्या दिवशीचे होते! समिती आली की दीर ऐटीत पिवळे बटण दाबून कटरचे सरकणे थांबवी. कटर तिथेच गरगरत राही आणि साहेब मंडळी त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेत. सुधारणा म्हणतात ती हीच.

"भावजी, तुमच्या फोटोंपायी ठोकळे जातायत," तिने घरी जेवताना सांगून पाहिले.

"वहिनी, तुम्ही यात पडू नका. वेग चाळीस टक्क्यांनी वाढवायचाय, अहवाल तयार आहे," दीर म्हणाला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळी कशाला बघायला लागते?

चौथा ठोकळा मशीनवर लागला त्या दिवशी समिती हजर. दिराचा हात बटणाकडे गेला, तशी वहिनी बटणाला पाठ लावून उभी राहिली.

"वहिनी, दोनच मिनिटं!"

"एक सेकंदही नाही. फेरी संपली की हवं तर ठोकळा मांडीवर घेऊन बसा."

मोठे साहेब खाकरले. दीर कानापर्यंत लाल झाला. वहिनी हलली नाही. पन्नास मिनिटांनी फेरी संपली. मापे घेणाऱ्याने तीनदा तपासले आणि ठोकळा पास केला.

दुसऱ्या दिवशी तिला बैठकीला बोलावले. टेबलावर दिराचा जाडजूड अहवाल होता. पहिल्याच पानावर लिहिले होते, 'वेग चाळीस टक्क्यांनी वाढवल्यामुळे यश'. वास्तविक वेग तिने कमी केला होता. करणारा राहिला बाजूला आणि टिळा भलत्याच्याच कपाळी!

"इथं सही करा," मोठे साहेब म्हणाले. "नवे ठोकळे आलेत, ते सगळे याच वेगाने कापायचे."

वहिनीच्या डोळ्यांपुढे सगळे स्पष्ट झाले. पुढचा ठोकळा जळणार आणि कागदावर सही तिची असणार. तिला संताप आला, रडूही आले. तिने दोन्ही गिळले.

"करते की. पण पुढचा ठोकळा भावजींनी कापावा. वेग त्यांचा आहे, मशीनपाशीही तेच शोभतील."

"कल्पना चांगली आहे. आजच लावा," मोठे साहेब उत्साहाने म्हणाले.

दिराने टाय सैल केला, कागद चाळले, पाणी प्यायला. मग मान खाली घालून, तिला एकटीलाच ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वहिनी, मला मशीन सुरूसुद्धा करता येत नाही."

तिला त्याची दया आली आणि खरे सांगायचे तर मनातून गारही वाटले. दिराने खिशातून पेन काढले, पहिल्या पानावरचे ते वाक्य सगळ्यांदेखत खोडले आणि तिला मोठ्याने विचारले, "वेग किती लिहू?"