शेवटपर्यंत पिळलेलं बटण

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, आणि घरी येताच त्यांनी रेडिओवर टॉवेल टाकला. त्याआधी चाळीस वर्षं रोज सकाळी आठला ते दोन्हीकडून बोलता येणाऱ्या या हौशी (हॅम) रेडिओवर घड्याळकाकांशी गप्पा मारत. काका घड्याळं दुरुस्त करणारे, राहायला कुठल्या कुठे. दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, भांडण मात्र रोज. बाबा आवाजाची पातळी वाढवायचं बटण शेवटपर्यंत पिळायचे, आवाज फाटून काकांकडे नुसती खरखर पोचायची आणि काका त्यांना यथेच्छ झापायचे.

पाच महिने तो टॉवेल बघून माझं डोकं फिरलं. घरातला जुना कॉम्प्युटर मी एका छोट्या डबीने रेडिओला जोडला. आपण टाइप करायचं, कॉम्प्युटर त्याची बारीक शिट्टी करून हवेत सोडतो आणि पलीकडचा कॉम्प्युटर त्या शिट्टीची पुन्हा अक्षरं करतो. घशाचं कामच नाही. काकांकडे ही सोय होतीच. त्यांना मी फोन करून ठेवला.

बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘नको. तो कीव करेल.’

मला वाईट वाटलं आणि रागही आला. आईची, माझी, डॉक्टरांची काळजी ते निमूट सोसत होते. त्या एका माणसाकडून त्यांना ती नको होती.

“एकदाच बसा,” मी म्हटलं. “नाही पटलं तर टॉवेल मीच परत घालीन.”

आठला ते बसले. एका बोटाने, रोमन अक्षरांत, ‘मी आहे’ एवढं टाइप करायला त्यांना मिनिटभर लागलं. मग आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. उत्तराचं एकेक अक्षर सावकाश उमटू लागलं.

‘पाच महिने...’

बाबांचा चेहरा पडला. टॉवेल खुर्चीच्या पाठीवरच होता, त्यांनी तो ओढून घेतला.

‘...झाले, तरी बटण शेवटपर्यंतच? गाढवा, तुझ्या शिट्टीने माझा अख्खा पडदा भरून गेलाय. मागे घे.’

मी बटणाकडे पाहिलं. खरंच शेवटपर्यंत पिळलेलं होतं.

बाबा हसले. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी. मी बटणाला हात लावायला गेले तर त्यांनी चापट मारली आणि पुन्हा त्याच एका बोटाने लिहायला घेतलं: ‘नाही घेत. काय करशील?’

त्यांच्या मांडीवरचा टॉवेल उचलून मी धुवायला टाकला.